बाबांना समुद्रावरून परत बोलवायचं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पुण्यात राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचे वडील ६४ वर्षांचे, मूळचे वेंगुर्ल्याकडचे. त्यांनी २० वर्षं नौदलाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. नेव्ही सोडल्यावर पुण्यातल्या एका शाळेत पी.टी. आणि संगीत शिकवलं, शाळेचा बँड उभा केला. तीन वर्षांपूर्वी आई गेली. वर्षश्राद्ध झालं आणि वडील क्लॅरिनेटची पेटी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने निघाले: गोकर्ण, मुल्की, वर्कला, महाबलीपुरम. कर्नाटकातल्या मुल्कीला ते ६२व्या वर्षी सर्फिंग (फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येणं) शिकले. सध्या गावी असतात. सकाळी पाण्यात सर्फिंग आणि संध्याकाळी वाडीतल्या मुलांना वाजवायला शिकवतात. आता त्यांना पुण्याचा फ्लॅट विकून पंचविशीतल्या दोन तरुणांबरोबर सर्फ स्कूल आणि होमस्टे काढायचा आहे. फ्लॅट आई-बाबा दोघांच्या नावावर आहे. धाकटा भाऊ परदेशात. ताई विचारतात: हे काय वय आहे का? पाण्यात काही झालं तर? आईच्या दुःखापासून ते पळतायत का? आणि त्यांना थांबवायचं कसं? "बाबा विचारत नाहीत, फक्त कळवतात," असंही त्यांनी लिहिलंय.

उत्तर

ताई,

"थांबवायचं कसं" याच्याकडे येण्याआधी, थांबवायचं नेमकं काय ते पाहू. तुमच्या पत्रात समुद्र, वय, फ्लॅट आणि आई अशा चार गोष्टी एकमेकींत गुंतल्यात आणि राग सगळ्यांवर सारखाच निघतोय. माझ्या मते फ्लॅटच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. समुद्राच्या बाबतीत बाबांचं. वयाचा निकाल डॉक्टर देतील. आणि आईबद्दल तुम्ही दोघं तीन वर्षांत धड बोललेलाच नाहीत, असं मला पत्रावरून दिसतंय.

समुद्रापासून सुरुवात करते. सर्फिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जाहिरातीतली दोन मजली लाट येत असणार. आपल्या किनाऱ्यावर शिकण्या-शिकवण्याच्या दिवसांत, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मे, लाट बहुतेकदा गुडघ्या-कमरेएवढी असते. मऊ फोमचा आठ-नऊ फुटी बोर्ड, घोट्याला बांधलेली दोरी (हिला लीश म्हणतात) आणि कमरेएवढं पाणी, एवढ्यात शिकाऊ माणसाचा सगळा खेळ चालतो. पावसाळ्यात हाच समुद्र ओळखू येत नाही, तेव्हा कोकणात जलक्रीडा बंदच असतात. बाबा शिकले तेही योग्य जागी. भारतात सर्फिंगची शिस्तीत शिकवणी रुजली ती मुल्कीलाच, २००४ च्या सुमारास, जॅक हेब्नर या अमेरिकन साधूच्या आश्रमातून. आज हा खेळ चार परदेशी पोरांची मौज राहिलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवलं, आणि २०२६ च्या जपानमधल्या आशियाई खेळांत सर्फिंगचा समावेश झाला. बाबांच्या जोडीदारांना यात धंदा दिसतोय तो उगाच नाही.

धोका अर्थातच आहे. तो तुम्हाला वाटतो तिथे नाही, एवढंच. समुद्रात माणसं दगावतात ती बहुतेकदा मोठ्या लाटेने नाही, ओढीने. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला एक वाट धरतं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसतं, म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. मग तो घाबरून सरळ किनाऱ्याकडे पोहत राहतो आणि दम संपतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं असतं. कोकणात वाढलेल्या आणि नेव्हीत २० वर्षं काढलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. पण ते एकटेच पाण्यात उतरतात का, हे मात्र विचारा. एकट्याने उतरायचं नाही, ही अट तुम्ही घालू शकता आणि ती त्यांनी पाळायलाच हवी.

वयाचं म्हणाल तर जपानचे सेइइची सानो ८०व्या वर्षी सर्फिंग शिकले आणि ८८व्या वर्षी सर्वांत वयस्कर पुरुष सर्फर म्हणून त्यांची गिनीज बुकात नोंद झाली. पण सानोंचं हृदय बाबांच्या छातीत नाही. तेव्हा डॉक्टर. बाबांकडे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं कार्ड असणार. बीपी, साखर, ईसीजी, आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट. सर्फिंगमध्ये उभं राहणं क्षणाचं असतं, बाकी सगळा वेळ पालथं पडून हातांनी पाणी मारायचं असतं, त्यामुळे खांदे आणि मान नीट दाखवून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की बोर्ड डोक्यावर आपटू शकतो. हे सगळं दरवर्षी करायचं. आणि डॉक्टर "नाही" म्हणाले तर ते "नाही" बाबांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. तुमच्याकडून आलं तर तो हुकूम वाटेल.

अजून एक करा. बाबांना सर्फिंग करताना पाहू नका, शिकवताना पाहा. चांगला शिक्षक कमरेएवढ्या पाण्यात विद्यार्थ्याच्या बोर्डचं शेपूट धरून उभा असतो. विद्यार्थी किनाऱ्याकडे तोंड करून पडलेला, आणि शिक्षकाचं लक्ष मागे, येणाऱ्या लाटांकडे. एक सोडतो, दुसरी सोडतो, तिसरीला ढकलतो आणि ओरडतो, "ऊठ!" मुलगा पडतो, वर येतो, तोवर याने दोन्ही बाजूंना किती जण पाण्यात आहेत ते पुन्हा पाहिलेलं असतं. बाबा असं शिकवत असतील तर त्यांची जोखमीची समज शाबूत आहे. आणि मग त्यांना विचारा, अलीकडे समुद्र बघून वर्ग रद्द केला तो कधी? या प्रश्नाला चटकन उत्तर आलं तर निर्धास्त व्हा. "रद्द कशाला करायचा?" असं आलं, तर तुमची काळजी खरी आहे आणि पुढचं बोलणं तिथूनच सुरू करा.

आता आई.

पत्रात आईबद्दल मोजकंच आहे, पण बाकी सगळ्या मजकुराहून ते जास्त बोलतं. "आईने आयुष्यभर वाट पाहिली." "रिटायर झाल्यावर दोघं फिरू म्हणाले होते, ते राहिलंच." आणि "पुण्याला आले तेव्हा आईच्या साड्यांच्या कपाटाला टेकून बोर्ड उभा केला." ताई, तुम्ही वडिलांच्या जिवाची काळजी करताय हे खरंच आहे. पण आईच्या वतीने तुम्ही रागावलाही आहात. बंदरं बाबांनी पाहिली, आणि तुमचे ताप, शाळेची फी, आजीचं आजारपण हे सगळं आईने एकटीने काढलं. गेटवेसमोर बीटिंग रिट्रीटला पांढऱ्या गणवेशातले बाबा वाजवताना पाहून तुम्हाला किती अभिमान वाटायचा ते तुम्ही लिहिलंय. त्या गर्दीत तुम्हाला उचलून धरणारे हात आईचे होते, हेही तुम्हीच लिहिलंय. ज्या प्रवासात तिचा वाटा होता तो आता बाबा एकटे करतायत, हे सलणारच. सलू द्या. ते बोलूनही दाखवा. फक्त ते सर्फिंगच्या आडून बोलू नका. "हे तुमचं वय आहे का" असं म्हणालात की बाबा वयाचं उत्तर देतात आणि आईचा विषय तसाच राहतो.

बाबा पळतायत का? बाहेरून कुणालाच खात्रीने सांगता येणार नाही, पण काही गोष्टी दिसतात. ते रोज ठरल्या वेळी मुलांना शिकवतात. त्यांची वाट पाहणारं कुणीतरी आहे. दुःख टाळणारा माणूस सहसा अशा बांधिलक्या टाळतो. सॅन दिएगोच्या अमेरिकन नौदल रुग्णालयात नैराश्याशी झुंजणाऱ्या सैनिकांना काही आठवडे सर्फिंगला नेलं गेलं, दुसऱ्या गटाला डोंगरात चालायला. बरं वाटलं ते दोन्ही गटांना. मी त्यातून एवढंच घेते की ठरल्या दिवशी, चार माणसांबरोबर, उघड्यावर अंग मोडेस्तोवर काहीतरी करणं माणसाला सावरतं. बाबांनी हे कुणी न सांगता शोधलंय. तरीही डोळे उघडे ठेवा. झोप लागते का, जेवण नीट आहे का, दारू वाढलीय का, पाणी आणि वर्ग सोडून बाकीच्या वेळात ते कुणाशी बोलतात का. फौजेत राहिलेली माणसं "ठीक आहे"च्या पुढे फार बोलत नाहीत. यातलं काही बिनसलेलं दिसलं तर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. मराठीतही बोलता येतं, आणि बाबांच्या आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत तरी चालतं.

बाबांचं कौतुक करताना दुसरी बाजूही सांगायला हवी. डोरियन पास्कोविट्झ नावाचे अमेरिकन डॉक्टर होते. चांगली चाललेली वैद्यकी सोडली, बायको आणि नऊ मुलांना एका गाडीत घेऊन वर्षानुवर्षं समुद्रकिनारे फिरले, मुलांना शाळेत घातलं नाही, सर्फिंग शिकवलं. ८६व्या वर्षी ते गाझाच्या सर्फर मुलांसाठी बोर्ड घेऊन गेले. ९३व्या वर्षी वारले. विलक्षण माणूस. पण त्यांच्या काही मुलांनी मोठेपणी जाहीरपणे सांगितलं की वडिलांच्या स्वातंत्र्याची किंमत आम्ही मोजली. धाडसी आयुष्याची गोष्ट ऐकताना मला नेहमी हा प्रश्न पडतो, की खर्च कुणी उचलला? तुमच्या घरात इतकी वर्षं तो आईने उचलला. पुढचा कुणी उचलायचा, हे ठरवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. म्हणून फ्लॅट.

फ्लॅट विकू नये, हे माझं स्पष्ट मत. ६४व्या वर्षी डोक्यावरचं एकमेव पक्कं छप्पर नव्या धंद्यात घालायचं नाही, मग तो धंदा सर्फिंगचा असो की मिसळीचा. शिवाय बाबा एकटे तो विकूही शकणार नाहीत. फ्लॅट दोघांच्या नावावर होता. आईने मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याने तिचा हिस्सा बाबा, तुम्ही आणि भाऊ अशा तिघांत सारखा वाटला जातो. सोसायटीच्या कागदावर नॉमिनी म्हणून बाबांचं नाव असलं तरी नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. म्हणजे विक्रीला तुम्हा दोघा भावंडांच्या सह्या लागणार. वकिलाकडून खात्री करून घ्या. मात्र ही माहिती बाबांच्या तोंडावर फेकू नका, ती सही अडवायची धमकी वाटेल. तुमच्याकडे एक चांगला प्रस्ताव आहे, तो मांडा: फ्लॅट भाड्याने द्यायचा, ११ महिन्यांचा नोंदणीकृत करार करायचा, आणि ते भाडं बाबांनी त्यांच्या स्वप्नावर खर्च करायचं. तुम्ही आणि भाऊ आपला वाटा त्यात आनंदाने सोडताय, असं म्हणून दाखवा. पेन्शनला हात लावायचा नाही. बुडालं तर भाडंच बुडेल, घर राहील.

सर्फ स्कूलच्या त्या दोन तरुणांवर तुमचा संशय आहे. असू दे, पण त्यांना भेटा तरी. आणि भेटल्यावर गुंतवणुकीचे नाही, कामाचे प्रश्न विचारा. जीवरक्षकाचं प्रशिक्षण आणि सीपीआर कुणाकडे आहे? सर्फिंग शिकवण्याचं प्रमाणपत्र? महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची परवानगी? होमस्टे भरतीरेषेपासून किती लांब, सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांत बसतो का? ज्या पुळणीवर वर्ग घ्यायचेत तिथे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढली जाते का, आणि रापणकरांशी कुणी बोललंय का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गावाला न विचारता किनाऱ्यावर बोर्ड मांडणाऱ्याला गाव फार दिवस ठेवत नाही, आणि बाबा गावचे असले तरी ४०-४५ वर्षं बाहेर होते. साध्या भागीदारीत धंद्याचं कर्ज स्वतःच्या खिशापर्यंत येतं, म्हणून एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा आणि बाबांनी जास्तीत जास्त किती घालायचे तो आकडा आधीच कागदावर आणा. विद्यार्थ्याला दुखापत झाली तर त्यासाठी विमा हवा. आणि हिशेब मांडताना बारा महिन्यांची कमाई धरू नका, पावसाळा वजा करा.

त्या पावसाळ्यातच मला बाबांची खरी ताकद दिसते, आणि तुमच्या पत्रात तिच्याबद्दल फार थोडं आहे. ती म्हणजे क्लॅरिनेट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाईतल्या वाइकीकी किनाऱ्यावर "बीचबॉय" म्हणवणारी माणसं होती. दिवसा पाहुण्यांना सर्फिंग शिकवायचे, संध्याकाळी उकुलेले घेऊन गायचे. ते वाद्यही पोर्तुगालच्या मादेइरा बेटावरून १८७९ मध्ये आलेल्या मजुरांच्या छोट्या गिटारीतून घडलेलं. पाहुणे पुन्हा यायचे त्यात त्या संध्याकाळींचाही वाटा असणारच. बाबांचे खांदे अजून किती वर्षं साथ देतील कोण जाणे. पाच म्हणू, दहा म्हणू. ओठ आणि श्वास त्याहून जास्त टिकतात. समुद्र बंद असतो त्या महिन्यांत गावात भजनं असतात, गणपती असतात, डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) रंगते. शाळेला १५ ऑगस्टला बँड हवा असतो. नौदलाच्या बँडमध्ये नोटेशन वाचत २० वर्षं काढलेला आणि पुढे शाळेत मुलं घडवलेला माणूस वाडीला फुकट मिळालाय, आणि घरचे सगळे बोर्डकडे बघतायत! बाबांनी जोडीदारांसमोर अट घालावी की हे नुसतं सर्फ स्कूल असणार नाही, संगीताचा वर्ग त्याचा अर्धा भाग असेल. पाण्यातलं शिकवणं हळूहळू त्या दोन तरुणांकडे जाईल, वाजवणं बाबांकडे राहील. वाद्य मात्र खाऱ्या हवेत उघडं ठेवू नका म्हणावं, चाव्या गंजतात. पण हे ते तुम्हाला सांगतील.

तुमचं एक वाक्य पत्रात ओझरतं येऊन गेलंय: "इथे असते तर निदान मुलाला शाळेच्या बसवरून आणलं असतं." नातेवाइकांच्या "आता नातवंडं सांभाळावीत" या वाक्यापेक्षा मला हे फार प्रामाणिक वाटलं. तुम्ही दमलाय आणि तुम्हाला बाबा हवे आहेत. हे बाबांना कधी सांगितलंय का? "तुम्ही परत या" म्हणजे त्यांना कैद वाटेल. "मे महिन्यात महिनाभर याला तुमच्याकडे ठेवते, आणि जून-जुलै तुम्ही आमच्याकडे या" ही मदतीची मागणी आहे, आणि आयुष्यभर ड्युटी केलेल्या माणसाला अशी नेमकी मागणी कळते. मुलगा सात वर्षांचा आहे, पुढचे दात पडायचं वय. क्लॅरिनेट अजून धरता येणार नाही, बोटंही पुरणार नाहीत. रेकॉर्डरवर, म्हणजे शिकाऊ मुलांच्या साध्या बासरीवर सुरुवात होईल. पोहणं मात्र आत्ताच शिकवून घ्या.

"बाबा विचारत नाहीत, कळवतात." नेव्हीतल्या माणसाच्या घरी बदलीचा कागद येतो तेव्हा कुणी कुणाला विचारत नाही, घरात कळवलं जातं आणि घरातलं सामान बांधायला घेतलं जातं. त्यांची सवय तिथली आहे, तुमची किंमत कमी आहे म्हणून नाही. ती सवय बदलायला लावा, पण एकदम सगळी नको. दोन गोष्टी मागा. एक, पैशाचा कुठलाही कागद सही करण्याआधी तुम्हा दोघा भावंडांना दाखवायचा. दोन, पाण्यातून बाहेर आल्यावर रोज एक मेसेज. बाकी त्यांनी कळवलं तरी चालेल.

असंच पत्र मुलाने बुलेटवरून लडाखला निघालेल्या वडिलांबद्दल लिहिलेलं येतं, किंवा साठीनंतर नर्मदा परिक्रमेला एकटीने जाऊ बघणाऱ्या आईबद्दल. त्यांनाही मी यातलं बरंचसं हेच सांगेन. डॉक्टर, एकट्याने न जाणं, घर न विकणं, मृत्युपत्र करणं, पेन्शनसाठी दरवर्षीचा हयातीचा दाखला कुठून द्यायचा ते ठरवणं, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सगळी कागदपत्रं कुठे आहेत ते माहीत असणं. एवढं झालं की बाकीचं त्यांचं त्यांना ठरवू द्या.

ताई, गणपतीत हा विषय काढू नका. घरभर नातेवाईक असतील आणि प्रत्येकाचं मत असेल. दसरा होऊ दे, समुद्र निवळेल, बाबांचे वर्ग सुरू होतील. तेव्हा दोन-तीन दिवस काढून एकट्या जा. एक सकाळ किनाऱ्यावर बसून वर्ग पाहा. आईबद्दल बोला, जे सुचेल ते. फ्लॅटचे कागद या खेपेला नेऊ नका, भाऊ व्हिडिओ कॉलवर असेल अशी दुसरी वेळ त्यासाठी ठरवा. या खेपेला फक्त डॉक्टरांची तारीख घेऊन परत या.